चिखलातलं चाक आणि सहावं जोडपत्र

आमच्या कॉलनीसमोर एसटीचा विनंती थांबा व्हावा म्हणून मी आगारात जो अर्ज दिला, त्याला पाच जोडपत्रं होती. साहेबांच्या टेबलावर पोचला तेव्हा ती सहा झाली होती. हे सहावं जोडपत्र मी जोडलेलं नव्हतं. ते गेलं नसतं तर पुढे कित्येक दिवस मला ओढणीत तोंड लपवून दूध आणायला जावं लागलं नसतं. पण हे क्रमाने सांगायला हवं. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं आहे, आणि क्रम सोडून काही सांगितलं की मला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

आमची संतकृपा कॉलनी पाथर्डीकडच्या बाजूला, तालुक्याच्या एका गावापासून तीन किलोमीटरवर, नगर रस्त्याला लागून आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या साहेबांविषयी लिहायचं आहे ते अजून त्याच खुर्चीत आहेत. रोज सकाळी सात दहाला स्टँडवरून नगरची गाडी सुटते आणि सात सतराला आमच्या कमानीसमोरून जाते. जाते, थांबत नाही. हात दाखवला की गाडी थांबते असं एका जुन्या पाटीवर वाचून आम्ही एकदा हात दाखवला होता. चालक भला माणूस होता. त्यानेही हात दाखवला.

यात कोणाचं काही अडलं नव्हतं, रेश्माचा प्रवेश होईपर्यंत. रेश्मा आमच्या शेजारच्या गहिनीनाथकाकांची मुलगी. बारावीला तिला रसायनशास्त्र मी शिकवलं, म्हणजे मी फळ्यावर लिहायचे आणि ती माझ्या चुका दाखवायची. तिला भिंगारच्या अलीकडच्या एका कॉलेजात डी. फार्मला जागा मिळाली. गहिनीनाथकाका स्टँडजवळच्या जिनिंग मिलमध्ये रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सकाळी सातला सुटतात आणि चालत घरी येतात. तेव्हा पोरीला स्टँडवर सोडायला ते घरी नसतात.

"तीन किलोमीटर उसातनं चालत जायाचं न्हाई," ते म्हणाले. "वडापची जीप भरल्याबिगर हालत न्हाई. गाडी हितं दारात थांबत आसंल तर जा. न्हाईतर गावातच बी.ए. कर." मग खांद्यावरचा हिरव्या काठाचा पंचा सारखा करत, "तसंबी आपल्या भावकीतली पोरगी रोज नगरला गेलेली न्हाई."

रेश्माने प्रवेशाचं पत्र घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. ते बघून मी म्हणाले, "काका, थांबा मी आणते."

हे वाक्य बोलायला मला दोन सेकंद लागले. निस्तरायला दीड महिना.

सल्ल्यासाठी मी दिलावरचाचांकडे गेले. आमच्या समोरचं घर त्यांचं. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली आणि आता ते व्हरांड्यात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉलनीला विचारलं का?"

"त्यांना कशाला विचारायचं? थांबा झाला तर सगळ्यांचाच फायदा आहे."

"म्हणूनच विचार," चाचा म्हणाले.

सभा आप्पासाहेबांच्या पार्किंगमध्ये भरली. आप्पासाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कॉलनीचे अध्यक्ष. घरातल्या पाण्याच्या पिंपालाही ते 'उपलब्ध साठा' म्हणतात.

"थांबा झाला की टपरी येणार," ते म्हणाले. "टपरी आली की पोरं बसणार. पोरं बसली की भांडणं, भांडणं झाली की पोलीस. म्हणजे मोनिका, तू थांबा मागत नाहीयेस. तू पोलीस चौकी मागतेयस."

चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "घाटात न्यूट्रल."

"म्हणजे?"

"घाटमाथ्यावर गाडी न्यूट्रलला गेली की नव्या ड्रायव्हरला वाटतं, आता थेट दरी. मधे ब्रेक असतो, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आगारात अशा बोलण्याला आम्ही घाटात न्यूट्रल म्हणायचो."

मला हे इतकं आवडलं की मी वही काढली. चुकीच्या तर्कांना आपल्याकडे नावं आहेतच. कावळा बसायला नि फांदी तुटायला गाठ पडते, बादरायण संबंध जोडले जातात. पण आगारातल्या लोकांनी मुक्कामाच्या गाड्यांमध्ये बसून जो कोश तयार केला होता, तो याहून बारीक होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. विज्ञान शिकलेल्या माणसाला न लिहिलेली गोष्ट दिसली की हात शिवशिवतात.

तेवढ्यात रतनबाई बोलल्या. कॉलनीच्या टोकाला त्यांच्या दोन म्हशी आहेत आणि आम्हा सगळ्यांकडे त्यांचंच दूध. "मागं एकदा पंक्चर झाली म्हनून गाडी हितं थांबली हुती. दुसऱ्या दिशी माझी म्हस आटली. मी काय बोलत न्हाई. पर झालं हुतं."

"नारळ-स्टार्ट," चाचा म्हणाले. "बंद गाडीवर दसऱ्याला नारळ फोडला, गाडी चालू झाली. बॅटरी आदल्या दिवशी बदललेली, ते कोणाच्या ध्यानात नाही."

मग माझ्या वडिलांनी उठून, तिसऱ्या गल्लीतला दिवा चार महिने का बंद आहे, असं विचारलं. हे 'आडवं बोकड'. अपघाताच्या चौकशीत प्रत्येक ड्रायव्हर सांगतो, साहेब, बोकड आडवं आलं. चाचांच्या मते आगाराच्या कागदांवर जेवढे बोकड आडवे आले आहेत, तेवढे या तालुक्यात जन्मलेही नाहीत.

गहिनीनाथकाकांच्या 'भावकीतली पोरगी गेलेली न्हाई' यालाही नाव निघालं: 'आरशातला ड्रायव्हर'. सगळं लक्ष मागच्या रस्त्यावर, आणि तरी गाडी पुढे चाललीय असा समज.

घरी येऊन मी त्याच वहीत रीतसर तक्ता आखला. अनुक्रमांक, संज्ञा, व्याख्या, नमुना. नमुन्याच्या रकान्यात मी माणसांची नावं लिहिली. माझा हेतू शुद्ध होता. नमुना कुठून घेतला हे नोंदवलं नाही तर निरीक्षणाला किंमत राहत नाही. वर शास्त्रज्ञांची नावं नाही का नियमांना देत? रतनबाईंच्या नावाने एक नियम ओळखला जावा, यात मला त्यांचा गौरवच दिसत होता. त्यांना तो दिसेल की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

एका संज्ञेपुढचा रकाना मात्र रिकामा राहिला. ती होती 'रुमाल'. स्टँडवर गाडी लागते न लागते तोच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. जागा धरून झाली. आता माणूस चढो न चढो. "काही लोक विचार असाच करतात," चाचा म्हणाले. "निकालावर आधी रुमाल टाकून ठेवतात. कारणं मागून चढतात." मी सगळी सभा आठवून बघितली, पण या चुकीचा नमुना काही सापडेना. शेवटी 'अद्याप आढळला नाही' असं लिहिलं. चाचांनी ते वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे. सापडेल."

दुसऱ्या दिवशी मी आगारात गेले. आगार व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तिथे थांबा देता येत नाही," ते म्हणाले. "तिथून प्रवासी मिळत नाहीत."

"गाडी थांबत नाही म्हणून मिळत नाहीत, सर."

"प्रवासी मिळाले तर गाडी थांबवू."

"थांबवली तर मिळतील."

"मिळाले तर थांबवू."

हे आम्ही तीनदा केलं. चौथ्या वेळेला शिपाई चहा घेऊन आला म्हणून थांबलो. शेवटी त्यांनी दोन गोष्टी मागितल्या: प्रवाशांचं सर्वेक्षण आणि स्थानिक संस्थेचा ठराव. निघताना मला वाटलं, काम झालं. जिन्यात लक्षात आलं की काहीच झालेलं नाही.

"चिखलातलं चाक," चाचा म्हणाले. "इंजिन बोंबलतं, चाक गरगर फिरतं, गाडी जागेवर. आणि मागे उभा असेल त्याच्या अंगावर चिखल." मी ती संज्ञा अनुक्रमांक एकवर घेतली आणि नमुन्यात 'आगार व्यवस्थापक' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

ठरावाची कथा थोडक्यात सांगते. नगरपरिषद म्हणाली, कॉलनी हद्दीबाहेर आहे. ग्रामपंचायत म्हणाली, कॉलनी आमची, पण तो रस्ता आमचा नाही. रस्त्याच्या कार्यालयात म्हणाले, रस्ता आमचा, पण त्यावरची माणसं आमची नाहीत. तीन ठिकाणच्या अकरा फेऱ्यांनंतर ग्रामपंचायतीने 'हरकत नसल्याचा' ठराव दिला, तोही त्यांच्या शिक्क्याची शाई संपायच्या आत मी पोचले म्हणून.

सर्वेक्षण मात्र माझ्या हातातलं होतं. शेहेचाळीस घरं, एकच प्रश्न: 'थांबा झाल्यास इथून गाडीत बसाल का?' एकशे वीस जणांपैकी एकशे बारा जण हो म्हणाले. रतनबाईही हो म्हणाल्या. लग्नानंतर त्या नगरला एकदाच गेल्या होत्या, तेही म्हशीला सलाईन लावणाऱ्या डॉक्टरला शोधायला. या आकड्यांवरून मी हिशोब मांडला की रोज किमान तीस प्रवासी चढतील. आलेख काढला. तो वर जात होता.

"बेटा," चाचा म्हणाले, "हो म्हणायला तिकीट लागत नाही."

मी हसले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतच झालेलं, असं माझ्या मनात येऊन गेलं. हे मी आता लिहिते आहे, कारण क्रमाने सांगायचं म्हटलं की तेही येतं.

अर्ज द्यायची मुदत शुक्रवारी पाचची होती आणि चारला वीज जाणार होती. मी वही घेऊन अमृतच्या झेरॉक्सच्या दुकानात धावले. अमृत म्हणाला, "ताई, कशाला एवढा कुटाणा? माझा मेहुणा मंत्रालयात आहे. एका फोनचं काम." त्याचा मेहुणा मंत्रालयासमोर चहा विकतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, अमृत सोडून. मी त्याला वहीतली सर्वेक्षणाची पानं दाखवली, आलेख दाखवला आणि ग्रामपंचायतीच्या ठरावावर सही घ्यायची राहिली होती ती घ्यायला पळाले. परत आले तेव्हा वीज गेली होती, पण अमृतने काम पुरं केलं होतं. गठ्ठा शिवलेला, पाकिटात घातलेला, पाकीट चिकटवलेलं. सही झालेला ठराव मी पाकिटाला बाहेरून टाचला.

"वहीतलं एक पान सोडलं नाही ताई," तो अभिमानाने म्हणाला. "तुमी जोडपत्रं पाचच लिहिलेली. एक राहिलं हुतं, मी नंबर टाकला."

मी ते ऐकलं. पण पाचला दहा मिनिटं होती, आणि घाईत ऐकलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत कानातच राहतं, मेंदूपर्यंत जात नाही. दशांशचिन्हानंतरचा चौथा अंक तपासणाऱ्या मुलीने पाकीट न उघडता आवक खिडकीत सरकवलं.

आगारातल्या बाबूंनी नियमाप्रमाणे सगळं केलं. अर्जात कॉलनीच्या रहिवाशांची नावं होती, तेव्हा त्यांनी जोडपत्र क्रमांक सहाची प्रत 'अभिप्रायार्थ' म्हणून कॉलनीच्या अध्यक्षांकडे पाठवली. आप्पासाहेबांनी सभा बोलावली. सरकारी पत्र मधूनच वाचायचं नसतं, या निष्ठेने त्यांनी जावक क्रमांकापासून सुरुवात केली. "अनुक्रमांक दोन. नारळ-स्टार्ट. व्याख्या: आधी घडले ते कारण, असे समजणे. नमुना: रतनबाई." रतनबाईंनी मान वर केली. "अनुक्रमांक तीन. घाटात न्यूट्रल. नमुना:" इथे ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग, आयुष्यभर एकही ओळ न गाळलेल्या माणसाच्या आवाजात, "नमुना: आप्पासाहेब," असं त्यांनी वाचलं, आणि आभार न मानता सभा संपवली.

माझे वडील घरी येऊन म्हणाले, "बोकड काय गं?" त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्याशी फक्त दिव्याच्या विषयावर बोलायचं ठेवलं.

गहिनीनाथकाकांनी तर पंचा एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर टाकला आणि ते कामावर निघून गेले. ते मला सगळ्यात लागलं.

दुसऱ्या दिवशी रतनबाईंनी माझ्या भांड्यात अर्धा लिटर दूध घातलं आणि माप उलटं धरलं. मापाच्या वर थोडं दूध घालायची त्यांची रीत होती, माझ्या लहानपणापासूनची. ती त्या दिवशी बंद झाली.

"मोजून घ्या ताई," त्या म्हणाल्या. "तुमी मोजमापवाल्या."

याच आठवड्यात आगारातून बोलावणं आलं. मी मनात माफीपत्राचा मसुदा तयार करत गेले. साहेबांच्या टेबलावर माझा गठ्ठा उघडा होता, शेवटच्या पानावर.

"पहिलंच नाव माझं आहे," ते म्हणाले.

"सर, ते चुकून..."

"दिलावरभाईंचे शब्द आहेत ना हे? मी कंडक्टर होतो तेव्हा चार वर्षं त्यांच्या गाडीवर होतो." त्यांनी पान बंद केलं. "चिखलातलं चाक बाहेर कसं काढतात, हे विचारलंत का त्यांना?"

"धक्का मारून?"

"नुसत्या धक्क्याने आणखी रुततं. चाकाखाली आधी पोतं टाकावं लागतं. चाक निघतं, पोतं फाटतं." त्यांनी एक कागद पुढे केला. "पंधरा दिवस गाडी थांबेल. चढ-उतार मिळून रोजची सरासरी दहा पाहिजे. हे पोतं माझं आहे, मॅडम. फाटलं तर वरती उत्तर मी देणार."

मी कागद घेऊन सरळ गहिनीनाथकाकांकडे गेले. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून वाचला. "थांबा हाय तवर रेश्मी जाईल," ते म्हणाले. "थांबा गेला की घरी. मग मला कुनी समजवायला यायाचं न्हाई."

रेश्माने पिठाच्या डब्यामागून पत्र काढलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सात सतराला गाडी आमच्या कमानीसमोर थांबली. माझ्या आलेखाप्रमाणे तिथे तीस माणसं असायला हवी होती. तिथे रेश्मा होती, मी होते आणि पांढरा शर्ट घातलेले दिलावरचाचा. आप्पासाहेब गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. पाठमोरे. मी आणि चाचा पुढच्या फाट्यापर्यंत तिकीट काढून गेलो आणि वडापच्या जीपने परत आलो. मंगळवारी पुन्हा तिघंच.

"रागावलेत सगळे," परतताना मी म्हणाले. "नाहीतर तीस आले असते."

चाचांनी जीपच्या आवाजावर कान ठेवून विचारलं, "नसते रागावले तर आले असते, हे कशावरून?"

"सर्वेक्षणावरून. एकशे बारा लोकांनी..."

मी तिथेच थांबले. एकशे बारा लोकांना मी विचारलं होतं, बसाल का. कोणाला कधी, कुठे, कशासाठी जायचं असतं, हे एकालाही विचारलं नव्हतं. रेश्माला गाडी मिळायलाच हवी, हे मी पिठाच्या डब्यापाशीच ठरवलं होतं. बाकी सगळं, तक्ता, आलेख, चौथ्या दशांशापर्यंतची सरासरी, मागून चढलेलं होतं.

"आता लिही," चाचा म्हणाले. "रकाना रिकामा आहे."

त्या संध्याकाळी मी स्वतः घरोघर फिरून सभेला बोलावलं. लोक आले. माफी मागणारा माणूस बघायला लोक नेहमीच येतात. मी वही उघडून वाचलं: "अनुक्रमांक सहा. रुमाल. व्याख्या: निष्कर्ष आधी धरून ठेवणे. नमुना: मोनिका." मग घडलं ते सगळं सांगितलं, आणि तुमची नावं विचारल्याशिवाय लिहिली, ती चूक झाली, असंही सांगितलं.

मला वाटलं, आता कोणीतरी 'जाऊ दे पोरी' म्हणेल. आप्पासाहेबांनी घसा साफ केला.

"घाटात न्यूट्रल," ते म्हणाले, "यात माझं एकट्याचं नाव का? गेल्या वर्षी कॅमेरे बसवायचे म्हटलं तेव्हा तुझे वडील म्हणाले होते, आज गेटवर बसवाल, उद्या न्हाणीघरात. ते काय होतं?"

"ते बोकड नव्हतं ना?" वडिलांनी आशेने विचारलं.

"न्यूट्रल," सगळे एकदम म्हणाले.

"आन् माझी म्हस खरंच आटली हुती," रतनबाई म्हणाल्या. "पर खरं सांगायचं तर तिचे दिस भरत आले हुते. मला बी ठावं हुतं. ते लिवा."

मी लिहिलं. पुढचा तासभर लोक एकमेकांचे जुने नमुने काढत होते. तक्त्याला चौदा नोंदी नव्याने मिळाल्या. या गडबडीत मागे उभ्या असलेल्या गहिनीनाथकाकांचा आवाज आला. ते मिलमध्ये जायच्या कपड्यांत होते.

"दिलावरभाई, आरशात बघनं चूक हाय व्हय?"

"चूक कशाला, भाऊ? आरसा पाहिजेच. तो काढून टाकला तर मागचा येऊन ठोकतो." चाचा शांतपणे म्हणाले. "पण गाडी समोरच्या काचेतून चालवायची असते."

काकांनी मान हलवली. पटलं म्हणून की ऐकू आलं म्हणून, ते कळलं नाही. कामावर निघून गेले.

बुधवारी सहा जण चढले. त्यानंतर आठ, नऊ, दहा. आप्पासाहेबांनी मोतीबिंदूची तपासणी नगरला करून घ्यायचं ठरवलं. रतनबाईंनी भाच्याकडे जाऊन यायचं कित्येक वर्षं राहिलेलं काम काढलं. माझ्या भांड्यात पुन्हा मापाच्या वर दूध पडू लागलं. पण पहिल्या दोन दिवसांचा खड्डा भरून निघेना. चौदा दिवसांत एकशे एकोणतीस झाले. एकशे पन्नास हवे होते. शेवटच्या दिवशी एकवीस माणसं लागणार होती, आणि मी सगळी कॉलनी पालथी घातली तरी तेरा होत होती. कारण आता मी कोण कुठे जाणार हे विचारून मोजत होते, आणि तसं मोजलं की आकडा खरा निघतो.

शेवटच्या सकाळी आम्ही तेरा जण कमानीखाली उभे होतो. रेश्माने दप्तर पोटाशी धरलं होतं. दोन आठवड्यांत तिला औषधांची नावं पाठ झाली होती आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, ओठ हलत होते. सात सतराला गाडी वळणावर दिसली. काचांमागे माणसंच माणसं होती. सोमवारचा बाजार. गाडी थांबली तरी आम्ही तेरा जण आत मावणार कसे, हाच प्रश्न होता.

दार उघडलं. कंडक्टर सुनील आतून ओरडला, "आधी उतरणारे."

उतरणारे? आमच्या थांब्यावर आजवर कोणी उतरलं नव्हतं.

एक माणूस उतरला, अंगावर सरकीचा कापूस. मग दुसरा. मग तिसरा, डबा हातात घेतलेला. जिनिंग मिलची रात्रपाळी. कॉलनीमागच्या वस्तीवर राहणारी ही माणसं रोज सकाळी तीन किलोमीटर चालत घरी यायची, आणि माझ्या सर्वेक्षणातल्या शेहेचाळीस घरांत त्यांचं एकही घर नव्हतं. मी मोजत होते. सात. आठ. नऊ. नववे गहिनीनाथकाका.

तेरा आणि नऊ. मी दोनदा बेरीज केली.

"काका," मी म्हणाले, "हे माझ्या लक्षातच..."

"तू चढनारं मोजलं," ते म्हणाले. "उतरनारं कोन मोजनार? म्या म्हनलं, काचेतनं जरा म्होरं बघावं." मग रेश्माकडे वळून, तिच्याकडे नीट न बघता, "तिसरी खिडकी. डाव्या अंगाला. बस जा."

त्यांचे दोन्ही खांदे मोकळे होते.

आम्ही चढलो. गर्दीत वाट काढत रेश्मा पुढे गेली. डावीकडच्या तिसऱ्या खिडकीजवळची सीट त्या भरलेल्या गाडीत रिकामी होती, आणि तिच्यावर हिरव्या काठाचा पंचा पसरलेला होता. बाजूला उभा असलेला एक माणूस सुनीलकडे तक्रार करत होता की स्टँडपासून ही जागा कोणी अडवून ठेवलीय, माणूस तर दिसत नाही.

"येतंय माणूस," सुनील म्हणाला. "आलं बघा."

रेश्माने पंच्याची घडी केली, मांडीवर ठेवली आणि खिडकीशी बसली. सुनीलने घंटी मारली. मी दांडीला लटकत एका हाताने वही काढली आणि अनुक्रमांक सहापुढे, माझ्या नावाखाली, एक ओळ वाढवली. गाडी हलत होती म्हणून अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं:

'टीप: कधीकधी माणूस येतो.'